बसभोवतीच्या फेऱ्या

नेयदीने मांडीवरच्या घायपाताच्या पिशवीत हात घालून पुन्हा एकदा अंडं चाचपलं. शाबूत होतं. बस आणखी एका स्पीडब्रेकरवरून उडाली आणि तिचा हात पिशवीतच राहिला.

"सारखा हात लावशील तर पिल्लू बाहेर येईल," मागच्या सीटवरून डोन्या एलिदे म्हणाली.

"उकडलेलं आहे, डोन्या."

"मग उकडलेलं पिल्लू येईल."

डोन्या एलिदे नेयदीच्या शेजारघरची. नेयदी तुलूमला जिथे निघाली होती त्याच घरी, त्याच जेवणाला निघालेली, आणि वाटेत नेयदीवर लक्ष ठेवायला कुणी सांगितलेलं नसताना ते ठेवणारी. नेयदीने केस मागे टाकले आणि खिडकीबाहेर पाहिलं. आज तिला कुणाच्याच टोमण्याचं काही वाटत नव्हतं. कालच तिने वायादोलिदमध्ये शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस घेतलं होतं, आणि आज ती मद्रीना होणार होती, एका मुलीची मानलेली आई. सोळाव्या वर्षी.

मुलगी तिच्या मोठ्या बहिणीची, लँडीची. लँडी तुलूमच्या एका हॉटेलात चादरी धुण्याचं काम करायची. मुलीला आज तीन महिने पूर्ण झाले. आतापर्यंत तिला कुणी कडेवर घेतलं नव्हतं; सगळ्यांनी आडवीच घेतली होती, हातात नाहीतर झोळीत. आज हेत्स्मेक. निवडलेलं माणूस तिला पहिल्यांदा कडेवर बसवणार, दोन पाय दोन बाजूंना टाकून, आणि टेबलाभोवती नऊ फेऱ्या मारणार. दर फेरीला टेबलावरची एक वस्तू तिच्या हातात द्यायची आणि ती कशासाठी हे सांगायचं. पेन्सिल, कात्री, तवा. शेवटी जिभेवर अंड्याचा कण, म्हणजे डोकं उघडतं, आणि भोपळ्याच्या बियांचं पीठ, म्हणजे उघडलेल्या डोक्यात काहीतरी उगवतं. ज्याच्या कडेवर मूल पहिल्यांदा बसलं, त्याच्यासारखं ते होतं.

लँडीच्या मनात तिची मैत्रीण ग्रेतेल होती. ग्रेतेल हॉटेलच्या स्वागतकक्षात बसायची आणि तीन भाषा बोलायची. पण चिच, म्हणजे नेयदी आणि लँडीची आजी, ऐकायला तयार नव्हती. "तीन भाषांत ती एकच गोष्ट सांगते, खोली रिकामी नाही," ती म्हणाली. "आपली नेयदी एका भाषेत पुष्कळ बोलते. तिच्या हातून अजून कुणाचं डोकं उघडलेलं नाही. पहिल्या वेळी माणसाचं मुलात सगळ्यात जास्त उतरतं." मग स्वयंपाकासाठी कालच तुलूमला निघताना तिने काळ्या कोंबडीचं अंडं आणि बियांच्या पिठाची पुरचुंडी नेयदीच्या हवाली केली. "आणि पोहोचेपर्यंत कंबर मोकळी ठेव."

नेयदी हसली होती. बसमध्ये तिला मूल कोण देणार होतं?

कोबाच्या थांब्यावर नेहमीप्रमाणे पाठीवर घराएवढी ओझी घेतलेली परदेशी मंडळी चढली. पिरॅमिड बघून तांबडीलाल झालेली. त्यांतल्या एका जोडप्याबरोबर बाळ होतं. बाईच्या छातीशी बांधलेल्या कापडात ते आडवं निजलं होतं. ती नेयदीच्या पलीकडच्या सीटवर बसली आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तिने स्वतःहूनच सांगून टाकलं, "आता समुद्र. मग दक्षिण. बेलीझ. पुढे, पुढे. सगळं बस."

"सगळं बस," नेयदी म्हणाली. बसनेच सगळीकडे जायचं, हे तिला फार आवडलं. ती स्वतः तुलूमच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

थोडं पुढे गेल्यावर मागचं टायर फुटलं.

ड्रायव्हर डॉन विल्बर्थने स्टेपनी काढली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि शर्ट काढून दाराला टांगला. दोन्ही बाजूंना जंगल, मधे रस्ता, रस्त्यावर ऊन. परदेशी नवरा हात तेलकट करून घेत जॅकशी झटू लागला. बायको मात्र पांढरीफटक पडली. तिने आजूबाजूला पाहिलं, सगळ्यात जवळ नेयदी उभी होती. तिने बाळ कापडातून सोडवून नेयदीच्या हातांत ठेवलं आणि तोंडावर रुमाल धरून झाडांमागे धावली.

नेयदीने त्याला आडवाच घेतला, शपथेवर आडवाच. पण तो धनुष्यासारखा ताणला गेला, लाल झाला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा रडला. त्यात शेजारून एक ट्रक हॉर्न मारत गेला. पिशवी खांद्यावरून घसरली, अंडं आठवलं, एक हात पिशवीकडे गेला. दुसऱ्या हातातला मुलगा सरकत खाली आला आणि तिच्या कमरेवर अडकला. एक पाय पुढे, एक पाय मागे.

रडणं थांबलं. त्याने मान वळवून झाडांकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच कुणीतरी आणून लावली होती.

नेयदीला बरं वाटलं. सावलीच्या शोधात ती चालत राहिली, बसच्या तोंडाकडून पलीकडे, पलीकडून मागे, स्टेपनीवरून पाय टाकून पुन्हा दाराशी. दाराशी डोन्या एलिदे पंख्याने वारा घेत उभी होती. पंखा थांबला.

"नेयदी," ती म्हणाली. "तुझ्या कडेवर काय आहे?"

नेयदीने खाली पाहिलं. मग तिने त्याला दोन्ही हातांनी झटकन वर उचललं. तो लगेच रडू लागला. तिने परत कडेवर ठेवला. तो गप्प झाला.

"परक्यांच्या पोरांना हे लागू नाही," डॉन विल्बर्थ टायरमागून म्हणाला. "त्यांची डोकी जन्मतःच उघडी. म्हणून तर असल्या उन्हात बिनटोपीची हिंडतात."

"डोकं ते डोकं," डोन्या एलिदे म्हणाली.

"आईने आधीच घेतला असेल की कडेवर," नेयदी म्हणाली. तिचा आवाज कालच्या व्यासपीठावरचा नव्हता. आई झाडांमागून तोंड पुसत येत होती. नेयदी तिच्याकडे जवळजवळ धावलीच. स्वतःच्या कमरेकडे बोट दाखवून तिने विचारलं, "असा? आधी? घरी?"

बाईने मान हलवली. दोन्ही हातांनी आडवा पाळणा करून दाखवला. "नेहमी असा. असा कधी नाही. पहिलं." मग मुलाचा शांत चेहरा बघून ती खूश झाली. "चांगलं. मी पण, आता, असा."

"किती महिन्यांचा, विचार तिला," डोन्या एलिदे म्हणाली.

बाईने चार बोटं दाखवली.

"चार. आणि मुलगा." डोन्या एलिदेने पंखा मिटला. "मुलीला तीन, चुलीचे दगड तीन म्हणून. मुलाला चार, शेताचे कोपरे चार म्हणून. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. मुद्दाम ठरवून आल्यासारखा."

"फेरी झाली का?" टांगून झोपायच्या जाळ्या विकणारा एक म्हातारा सावलीतून म्हणाला. त्याच्या शेजारी रंगीत जाळ्यांचा ढीग होता.

"एक झाली," नेयदी म्हणाली. "बसभोवती."

"मग अर्धवट ठेवू नका. आमच्या गावात एकाचा हेत्स्मेक पाऊस आला म्हणून अर्धाच राहिला. अजून अर्धं वाक्य बोलतो."

"तो तूच की काय?" डॉन विल्बर्थने विचारलं.

"नाही हो, मी त्याचा," म्हातारा म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष जाळ्यांकडे गेलं. सगळे हसले. नेयदी हसली नाही. पूर्ण करावं तर लँडीच्या मुलीसाठी राखलेली पहिली वेळ गेली. अर्धं सोडावं तर हे मूल समुद्रात, बेलीझमध्ये, पुढे, पुढे, अर्ध्या उघडलेल्या डोक्याने हिंडणार, आणि त्याला कुणीच सांगणार नाही की असं का होतं. तिने डोन्या एलिदेकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," डोन्या एलिदे म्हणाली. "मी जेवायला चालले आहे."

मुलाने तिच्या झग्यावरचं भरतकामाचं फूल मुठीत धरलं होतं. चिचने भरलेलं. नेयदी वळली आणि बसच्या तोंडाकडे चालू लागली.

डॉन विल्बर्थने मुकाट्याने पाना पुढे केला. तिने तो मुलाच्या बोटांना लावला आणि नुसतीच उभी राहिली. "कशासाठी ते सांग," डोन्या एलिदे हळूच म्हणाली.

"हा पाना," नेयदी म्हणाली. "वाटेत काही मोडलं तर तुला दुरुस्त करता यावं."

मग जमत गेलं. म्हाताऱ्याने जाळी विणायची लाकडी सुई दिली, डोन्या एलिदेने पंखा, नेयदीने स्वतःचं पेन. परदेशी नवऱ्याला हा कसला तरी खेळ वाटला असावा. त्यानेही तेलकट हातांनी आपला नकाशा काढून दिला. "हा नकाशा. हरवशील तेव्हा बघ. नाही हरवलास तरी बघ." मुलाने नकाशाचा कोपरा चोखला. बाई मोबाइलवर चित्रण करत होती. पुढच्या फेऱ्यांना कुणी शिट्टी दिली, कुणी संत्रं, कुणी टोपी. नववी फेरी दाराशी येऊन थांबली तेव्हा टायर बसलं होतं आणि कुणीच बसमध्ये चढत नव्हतं. सगळे नेयदीच्या पिशवीकडे बघत होते.

नेयदीने अंडं काढलं. मग तिने ते बसच्या पत्र्यावर आपटलं, सोललं आणि पिवळ्याचा मोहरीएवढा कण बोटावर घेतला. मुलाची आई दचकून पुढे झाली. नवऱ्याकडे पाहिलं. मग भोवतालच्या, टोप्या काढून उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहिलं आणि तिचा हात मागे गेला.

कण जिभेवर गेला. चिमूटभर बियांचं पीठ गेलं. मुलाने तोंड वाकडं केलं आणि गिळलं.

उरलेल्या अंड्याचं काय करायचं हे नेयदीला माहीत नव्हतं. तिने ते आईच्या तळहातावर ठेवलं. बाईने मीठसुद्धा न मागता खाल्लं आणि बोटं चाटून आभार मानले.

तुलूमच्या चौकात ती मंडळी घाईघाईने उतरली. समुद्राकडे जाणारी गाडी उभीच होती. नेयदी डोन्या एलिदेची गाठोडी उतरवण्यात गुंतली होती. तिने मान वर केली तेव्हा बाई पाठमोरी झाली होती.

लँडीच्या अंगणात चिच टर्कीच्या काळ्या रश्श्यात पळी फिरवत होती. ग्रेतेल हॉटेलच्या गणवेशातच, नावाच्या बिल्ल्यासकट, टेबलावर वस्तू मांडत होती. नेयदीने वाटभर वाक्यं जुळवली होती. पण डोन्या एलिदेने उंबऱ्यातूनच सगळं सांगून टाकलं, अगदी त्या तळहातावरच्या अंड्यापर्यंत.

चिचने पळी थांबवली नाही. "चार महिने?"

"हो."

"नऊ फेऱ्या?"

"हो."

"कशासाठी काय, ते सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग बरोबर केलंस," चिच म्हणाली. नेयदीला वाटलं, संपलं. पण चिचने पुढे विचारलं, "नाव काय त्याचं?"

नाव नेयदीने विचारलंच नव्हतं.

आता पळी थांबली. "ग्रेतेल," चिच म्हणाली, "हात धुऊन घे."

"चिच, काय हे?" लँडी म्हणाली. "तिने काय मुद्दाम केलं का? पोर एवढं ऊन खात आली."

"मी कुठे रागावले? तिची पहिली वेळ खर्च झाली. ग्रेतेलची अजून शिल्लक आहे." ती नेयदीकडे वळली. "तू मद्रीना झालीस. त्या घरात अजून कुणाला माहीत नाही, एवढंच."

लँडीने दुसरं अंडं उकडायला ठेवलं, आणि नेयदी बियांच्या पिठाची पुरचुंडी ग्रेतेलच्या ओल्या हातांत ठेवायला गेली. ग्रेतेलने ती घेतली आणि हळूच म्हणाली, "मला बोलायला जमणार नाही. तू शेजारून सांगत राहा."

म्हणून ग्रेतेलने फेऱ्या मारल्या आणि नेयदी तिच्या मागून चालली. पेन्सिल कशासाठी, कात्री कशासाठी, तवा कशासाठी. लँडीची मुलगी ग्रेतेलच्या कडेवर बसली होती. पण आवाज मागून यायचा म्हणून मान सारखी नेयदीकडे वळवत होती. लँडीने ते पाहिलं. चिचनेही पाहिलं असणार.

जेवणं झाल्यावर चिचने तुंब्याच्या वाडग्यात भाजलेल्या मक्याचं गोड पेय ओतलं, वर पान झाकलं आणि तो नेयदीपुढे धरला.

"हा कोमाद्रेचा."

ज्या बाईचं मूल आपण उघडलं, तिला म्हणायचं ते नातं. आई आणि मानलेली आई, दोघी एकमेकींना कोमाद्रे. नेयदीने हा शब्द मोठ्या बायकांच्या तोंडी हजारदा ऐकला होता. स्वतः कधी वापरला नव्हता.

"ती कुठे असेल, मला काय माहीत?"

"सगळं बस, म्हणाली ना ती?" चिच म्हणाली. "समुद्र झाला की दक्षिण. मग बसपाशी जा."

संध्याकाळची दक्षिणेची गाडी फलाटाला लागली होती. तीच ओझी, त्याच टोप्या, तेच लाल खांदे. नेयदीला कळेना कुणाकडे बघावं. बाईचा चेहरा तिला आठवत नव्हता. तेव्हा ती सगळा वेळ मुलाकडेच बघत होती. वाडगा हिंदकळत होता. माणसं चढू लागली. नाव नव्हतं, भाषा नव्हती. होता तो एकच शब्द.

"कोमाद्रे," तिने हाक मारली. मग काल व्यासपीठावर निघाला होता तसा आवाज काढून पुन्हा, "कोमाद्रे."

बाकांवरच्या, दुकानांतल्या, तिकिटाच्या रांगेतल्या बायकांनी एकदम माना वळवल्या. त्यांतली प्रत्येक जण कुणाची ना कुणाची कोमाद्रे होती. त्यांनी नेयदीचा फुलांचा झगा पाहिला, हातातला झाकलेला वाडगा पाहिला, आणि मग त्याही वळून शोधू लागल्या, हाक ऐकून कोण वळलं नाही ते.

बसच्या पायरीवर एक उंच बाई पाठमोरी उभी होती, ड्रायव्हरला तिकिटं दाखवत. तिच्या कडेवर, एक पाय पुढे, एक पाय मागे, मूल बसलं होतं.

ते मात्र वळलं होतं.