विसळलेली ताटं

आमच्या लॅबमध्ये ताटं घाण करायचा पगार मिळतो. गावात हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सांगायचं सोडून दिलंय.

रांजणगावच्या एमआयडीसीत भांडी धुण्याच्या मशीनची कंपनी आहे, तिथे मी ट्रेनी. ताटांना तेल-हळदीचा रस्सा माखायचा, भात चिकटवायचा, पातेल्यात दूध करपवायचं, सगळं दोन तास वाळू द्यायचं, मग मशीनला लावायचं. धुऊन बाहेर आलेलं एकेक ताट दिव्याखाली धरून त्याला मार्क द्यायचे. डिप्लोमा केला तो यासाठी! पण पर्मनंट झाले की लोन मिळणार, धाकटीचं नर्सिंग होणार, म्हणून तोंड मिटून दोन वर्षं काढली.

माखायला माझ्या हाताखाली ताईबाई काकू. तळेगाव ढमढेऱ्यात त्यांचं घर आमच्या घराला भिंत लावून. काका गेल्यावर त्या दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायच्या. कंत्राटदाराला सांगून त्यांना मीच इथे चिकटवलं. तेव्हा आईने आळीभर मिरवलं होतं, सुलीनं ताईबाईला कंपनीत लावली म्हणून.

लॅबमध्ये तीन मशीन शेजारी शेजारी. पहिली अमेरिकन, तीस वर्षांची, पिवळी पडलेली. परदेशातून परतलेल्या कुणाकडून आमच्या पृथ्वीराज सरांनी ती हौसेने उचलली होती. तिला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागायचा, गरम पाणी बाहेरून द्यावं लागायचं, आणि चालू झाली की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटायचं. पाणी तर म्हशीसारखी प्यायची. पण तिच्या पोटात खरकटं दळून टाकायची सोय होती, आणि तासाभरात ती मोकळी व्हायची. दुसरी नवी अमेरिकन, तेवढीच रुंद, पण आवाजाने सभ्य. तिसरी नवी युरोपियन. ही चालू आहे की बंद तेही कळत नसे. पाणी आपलं आपण तापवणार, दहा लिटरमध्ये भागवणार. बोअरच्या जड पाण्यासाठी तिच्यात मीठ घालावं लागायचं आणि तळाची जाळी हाताने धुवावी लागायची.

"मीठ खाती, जाळी धुवून मागती, आन् तीन-तीन तास लावती," काकू म्हणायच्या. "मशीन हाय का नवी सून?"

नव्या दोघींना एक डोळा होता, युरोपियनचा जरा जास्तच तीक्ष्ण. पहिलं पाणी किती गढूळ झालं ते सेन्सरने बघायचं आणि त्यावरून किती वेळ, किती गरम पाण्याने धुवायचं ते ठरवायचं. जुनीला डोळा नव्हता. समोर काय आहे ते न बघता ती बडवायची. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

सरांना ती युरोपियन इथेच बनवायची होती. त्यासाठी युरोपातून तीन पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर तिन्ही मशीन लावायच्या, तिन्ही उघडायच्या. जुनी फक्त फरक दाखवायला. आदल्या दिवशी सर मला म्हणाले, "सुलक्षणा, उद्या नीट झालं की तुझं पर्मनंटचं लेटर मी स्वतः एचआरकडून आणतो."

सकाळी पाहुणे गेटवर आल्याचा फोन आला. माझी नजर ओट्यावर गेली. सत्तर-ऐंशी ताटं, त्यांवर सुकलेला भात, पिवळा रस्सा, कडेला दोन माश्या. मला एकदम लाज वाटली. परक्या देशातले लोक येणार आणि त्यांच्यापुढे आपण हे उष्टं मांडणार? आमच्या घरी पाहुण्याची चाहूल लागली तर मोरीतलं भांडंसुद्धा आधी आत जातं.

"काकू, वरचं वरचं विसळून घ्या. लई घाण दिसतंय."

काकू थांबल्या. "चालंल का? तूच म्हनतीस, वाळलेलं तसंच लावायचं."

"घ्या हो. पाहुणे आलेत."

त्यांनी भराभर सगळी ताटं नळाखाली धरली, पातेल्यांतही हात फिरवला. भात गेला, रस्स्याचा थर गेला. उरला तो तेल-हळदीचा ओशट हात आणि दुधाचा करपा. मला ते छान दिसलं. तिन्ही मशीन मीच चालू केल्या.

जिला तीन तास लागायला हवे होते ती युरोपियन सव्वा तासातच थांबली. सर हसले, पाहुण्यांना काहीतरी म्हणाले आणि त्यांनी दार उघडलं. ताटं पिवळी. बोट लावलं तर तेलकट. पातेल्याच्या बुडाला करपा जसाच्या तसा. नव्या अमेरिकनमधली ताटं थोडी बरी, एवढंच. मग जुनी उघडली. वाफ बाहेर आली, आणि आत प्रत्येक ताट आरशासारखं. एक पाहुणा हसला. फक्त एकच हसला, पण सरांचा चेहरा मी पाहिला.

पाहुणे जेवायला गेल्यावर सरांनी लॅपटॉप जोडला. मशीनच्या नोंदीत स्पष्ट होतं, पहिल्या पाण्यात सेन्सरला काहीच घाण दिसली नव्हती. भांडी स्वच्छच आहेत असं समजून तिने काम आटोपतं घेतलं होतं.

"प्लेट्स विसळल्या कुणी?"

काकू माझ्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या. माझ्या जिभेवर खरं आलं होतं, देवाशप्पथ. पण त्याच्या आधी दुसरंच निघालं.

"लोडिंगला ताईबाई होत्या, सर."

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

सर काकूंकडे वळले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पोरगी परीक्षेत नापास झाली की बघतात तसं. मग पदर सारखा केला.

"व्हय सायेब. मीच विसळली. खरकटं ठिवायची सवं न्हाई आमाला."

"तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं व्हतं सुलीनं. मीच ऐकलं न्हाई."

संध्याकाळच्या आत कंत्राटदाराने त्यांचा गेटपास काढून घेतला. कंपनीच्या बसमध्ये आता त्यांना बसता येत नव्हतं. त्या हायवेवर जाऊन जीपची वाट बघत उभ्या राहिल्या. मी खिडकीतून बघत होते. खाली गेले नाही.

पुढच्या सोमवारी पाहुण्यांसमोर तीच चाचणी पुन्हा झाली, सगळी ताटं मी स्वतः माखली, आणि युरोपियनने सगळ्यांत जास्त मार्क घेतले. गुरुवारी माझं लेटर आलं.

आईने पेढे आणले. आळीत वाटत वाटत ती शेजारच्या दारात गेली. मी आतून ऐकत होते.

"ताईबाई, घ्या पेढा. पोरीचं नशीब म्हनून वाचलं, न्हाईतर तुम्ही बुडिवलंच व्हतं तिला. कुटं तोंड दाखवावं तिनं? येवढं पोटच्या पोरीवानी लावून दिलं, आन् सांगितलेलं येक काम धड व्हईना तुमच्यानं?"

आळीतल्या दोघीतिघी बाया बाहेर आल्या होत्या. काकूंचा आवाज बारीक आला.

"चुकलं वहिनी. सुलीला म्हनावं, मनात धरू नगं."

आई घरात आली. मोठं मन दाखवल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं. म्हणाली, पेढा मात्र घेतला हो तिनं, लेकराचा हाय म्हनून.

आता काकू परत खुरपायला जातात. सकाळी सातला मी बससाठी निघते तेव्हाच त्या निघतात, आणि रस्त्यात मला पाहिलं की त्या आधी बाजूला होतात. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.