खड्डा दिसला की बुजवायचा

आमच्या क्लबाची चार कोर्टं आधी माझा नवरा ओल्द्रिख सांभाळायचा आणि मी त्याच्यावर ओरडायचे. तो गेल्यावर रोलर माझ्या हाती आला, आणि ओरडायला क्लबातली पोरं उरली. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली. पोरं मला ब्लाझेना मावशी म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथे नको.

आमची कोर्टं विटांच्या चुऱ्याची. हिवाळ्यात बर्फ त्यांना फुगवून ठेवतो. मग एप्रिलमध्ये सगळ्या सभासदांनी येऊन ती खरवडायची, नवा चुरा पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. डॉक्टर असो नाहीतर खाटीक, अंगमेहनतीचे तास भरल्याशिवाय आमच्याकडे कुणाला रॅकेट हातात धरता येत नाही. इतक्या कष्टानं केलेल्या मातीची कदर नको? म्हणून माझा एकच कायदा आहे. खेळताना खड्डा पडला, ओरखडा उठला, की तिथल्या तिथे बुटानं दाबून बुजवायचा आणि मगच पुढचा गुण खेळायचा. जो विसरेल त्यानं संध्याकाळी चारही कोर्टांवर जाळी ओढायची. जाळी म्हणजे माती सारखी करायची रुंद, जड जाळी. दोन कोर्टं झाली की खांदे बोलू लागतात.

वेंडुला सहा वर्षांची असताना पहिल्यांदा आली आणि पहिल्या आठवड्यात तीनदा जाळी ओढली. चौथ्यांदा वेळ आली नाही. दहाव्या वर्षी ती बोलता बोलता, हसता हसता खड्डे बुजवायची, बघायचीसुद्धा नाही. पाय आपला आपण जायचा. मला तिचा फार अभिमान वाटायचा, आणि तिच्या फटक्यांपेक्षा त्या पायाचाच जास्त वाटायचा, हे आज कबूल करते.

तिचा बाप रादोवान आमच्या गावचा स्टेशनमास्तर. तोही या क्लबातच वाढला. ओल्द्रिखनं त्याचा कान किती वेळा पिळला असेल त्याची गणती नाही. मग लग्न झालं, नोकरी लागली, रॅकेट माळ्यावर गेली. आता डोक्यावर लाल टोपी, हातात गाडी सोडायची हिरवी चकती आणि तोंडात एकच वाक्य: गाडी सुटली की सुटली. सोळा वर्षांत त्याच्या हातून एक गाडी उशिरा गेली नाही, हे तो न विचारता सांगतो.

पोरीची शाळेची शेवटची परीक्षा झाली तेव्हा बापलेकीत करार झाला. एक वर्ष टेनिस. पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत जगाच्या यादीत नाव आलं तर खेळत राहायचं, नाही आलं तर ब्र्नो शहरातल्या कॉलेजात फिजिओथेरपी शिकायची. यादीत नाव यायला तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण लागतात, आणि अगदी छोट्या स्पर्धेतही मुख्य फेरीतला एक सामना जिंकला की गुण मिळतो. ऐकायला सोपं वाटतं. पोरीनं त्या वर्षात बसमध्ये झोपा काढल्या, हॉटेलांच्या बेसिनमध्ये कपडे धुतले, तापात सामने खेळले. एक गुण तुर्कस्तानात मिळाला, एक पोलंडात. तिसरा काही हाती लागेना. आणि ऑगस्ट उजाडला.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याच क्लबात मुलींची छोटी स्पर्धा भरली. रादोवाननं सांगून टाकलं, ही शेवटची. पुढच्या मंगळवारी ब्र्नोला प्रवेशाची सही करायची होती. त्या दिवशी जो येणार नाही त्याची जागा दुसऱ्याला जाते. त्याच मंगळवारी स्लोवाकियात एक स्पर्धा होती, वेंडुलाचं नाव तिथे आधीच घातलेलं होतं, पण ते काढायचं ठरलं. म्हणजे जे काय व्हायचं ते माझ्या मातीवर. मी आठवडाभर दोन नंबरच्या कोर्टाला लहान बाळासारखं न्हाऊमाखू घातलं.

बुधवारी तिची गाठ पडली बोग्लार्का नावाच्या हंगेरियन मुलीशी. उंच, गप्प, डावखुरी. पहिला सेट तिनं घेतला, दुसरा वेंडुलानं. तिसऱ्यात वेंडुला पाच-चारनं पुढे, सर्व्हिस तिचीच, आणि एका गुणावर सामना. कठड्याशी रादोवान ड्यूटीच्या कपड्यांतच उभा होता; टोपी काखेत. बाकावरची म्हातारी मंडळी बोलायची थांबली, आणि ती मंडळी चर्चमध्येसुद्धा थांबत नाहीत.

बोग्लार्काचा चेंडू खोल आला, मागच्या रेषेच्या पलीकडे पडला. दोन बोटं बाहेर. मी रेषेच्या सरळ समोर बसले होते. वेंडुलानं बोट वर केलं आणि खेळ थांबवला. एवढ्याशा स्पर्धेत रेषेवर माणसं नसतात, एकटा पंच उंच खुर्चीवर. त्याला नीट दिसलं नव्हतं. त्यानं हातानं खूण केली, थांब, येऊन बघतो, आणि तो खुर्चीवरून उतरायला लागला. मातीवर हे बरं असतं. चेंडू खोटं बोलत नाही, आपला शिक्का ठेवून जातो.

वेंडुलाच्या मनात सामना संपला होता. तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं तसं मी वर्षभर पाहिलं नव्हतं. हात मिळवायला ती नेटकडे निघाली, आणि निघता निघता तिचा पाय आपला आपण गेला. बुटाचा तळवा त्या खुणेवरून दोनदा फिरला, अगदी मी शिकवलं तसा. जागा गुळगुळीत झाली.

पंच खुर्चीच्या शेवटच्या पायरीवर थांबला. बिचारा तरुण होता, त्याचाच चेहरा उतरला. नियम जगभर एकच आहे. पंचानं बघण्याआधी खेळाडूनं खूण पुसली, तर तिनं चेंडू आत होता असं मान्य केलं. गुण बोग्लार्काला. वेंडुला आपल्या पायाकडे बघत राहिली. तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा तशी.

त्यानंतर तिचा हात तिच्या ताब्यात राहिला नाही. सात-पाच. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि तो मी घालवला. बाकावरून एक जण म्हणालाच, "ब्लाझेना, शिस्त भारी हो तुझी." एरवी मी त्याची सालटी काढली असती. तेव्हा बुटावरची माती झटकत बसले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण ती खोड लावणाऱ्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

बोग्लार्का हात मिळवून, खाली मान घालून गेली. वेंडुलानं तोंड पुसलं, बाटली रिकामी केली आणि जाळी ओढायला घेतली. जो खेळला त्यानं कोर्ट सारखं करायचं, हाही माझाच कायदा. मी म्हटलं, राहू दे आज, मी करते. तिनं मान हलवली. रडत रडत ओढत होती, पण ओळी सरळ होत्या.

मी कठड्याशी रादोवानकडे गेले. पोरीची चूक नाही, माझी आहे, असं त्याला सांगितलं. अजून एक आठवडा आहे, स्लोवाकियातलं नाव अजून काढलेलं नाही, हेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"मावशी, तुम्ही यात पडू नका," तो म्हणाला. "करार तिनंच केलाय. मी बळजबरी केली नव्हती."

"करार जिंकायचा होता. ती जिंकली होती, रादो."

"जिंकली असती तर पुसलं नसतं. सामन्याच्या गुणावर खूण कोण पुसतं हो? लहान पोर पुसणार नाही. ज्याला एवढंही भान राहत नाही त्यानं जग काय फिरायचं? उद्या जागा गेली म्हणजे कॉलेज तिच्यासाठी थांबणारेय का? गाडी सुटली की सुटली."

"तू आणि तुझ्या गाड्या," मी म्हटलं. त्याला चांगलंच सुनवायचं माझ्या मनात होतं, पण सुनवू कोणत्या तोंडानं? आपलेच दात, आपलेच ओठ.

तो फाटक ढकलून आत गेला, पोरीची पिशवी उचलायला. स्टेशनचे जाड बूट घालून कोर्टावर. दुसरा कुणी असता तर मी तिथूनच हाकलला असता. जाळीनं अजून पलीकडचीच बाजू झाली होती. अलीकडे सामन्यातले ओरखडे तसेच होते. रादोवान तावातावानं चालला होता, स्वतःशी पुटपुटत होता, हात हलवत होता. मधल्या रेषेपाशी बोग्लार्काच्या सर्व्हिसनं पडलेला एक खड्डा होता. त्याचा पाय थांबला. बुटाचा तळवा खड्ड्यावरून दोनदा फिरला, टाचेनं दाबलं, आणि तो पुटपुटत पुढे गेला.

चार पावलं गेला आणि उभा राहिला.

त्यानं मागे वळून ती जागा पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा मला एवढं शहाणपण सुचलंय. वेंडुलाही जाळी सोडून बघत होती. वीस-बावीस वर्षं त्या माणसानं कोर्टावर पाय ठेवला नव्हता.

"ओल्द्रिखकाकांनी कान उपटला होता माझा," तो शेवटी म्हणाला, कुणाला म्हणाला देव जाणे. "याच कोर्टावर." मग टोपी हातात फिरवत त्यानं विचारलं, "स्लोवाकियातला सामना मंगळवारी का?"

"मंगळवारी," वेंडुला म्हणाली. "पण बाबा, मंगळवारी ब्र्नोला…"

"ब्र्नो मला माहितीये कुठंय. सोमवारी सकाळी सहा-बाराची गाडी आहे. पुढे एकदा बदलावी लागेल. सात मिनिटं मिळतात, धावायला लागणार नाही."

वेंडुला जाळीच्या दोरीत पाय अडकवून घेत, धडपडत त्याच्याकडे धावली आणि सगळ्या कोर्टभर नवे खड्डे पाडत गेली. मी ओरडले नाही. मला रडू येत होतं, आणि रडता रडता ओरडलं की पोरं घाबरत नाहीत.

सोमवारी मी स्टेशनवर गेले. पोरीच्या आईनं रात्रपाळीवरून येऊन पावात घालायला कटलेटं तळली होती, चौघांना पुरतील एवढी, आणि वर आमच्याकडचं ते वासाचं चीजही बांधून दिलं होतं. म्हटलं, बरं झालं, डब्यात शेजारी कुणी बसणार नाही, हातपाय पसरून झोपता येईल. वेंडुला हसली. मी तिला बजावलं, पंच उतरून येईपर्यंत पाय बांधून ठेव. तिनं विचारलं, "मग खड्डा तसाच ठेवू?" मी म्हटलं, पंच गेला की बुजव. कायदा कायदा आहे.

रादोवान लाल टोपी घालून फलाटाच्या टोकाला उभा होता, ड्यूटीवर. वेळ झाली तेव्हा तो गाडीजवळ आला, खिडकीतून पोरीचा हात धरला आणि काहीतरी सांगत राहिला. काय ते मला ऐकू आलं नाही. गार्ड आपलं घड्याळ पुन्हा पुन्हा बघत होता. मग रादोवाननं हिरवी चकती वर केली. सहा-बाराची गाडी आमच्या गावातून सहा-तेराला सुटली.

मंगळवारी दुपारी मी पाण्याची नळी धरून तीन नंबरवर उभी होते तेव्हा फोन आला.

"मावशी, तसंच झालं," वेंडुला म्हणाली. तिला दम लागला होता. "तिसऱ्या सेटमध्ये. चेंडू मागच्या रेषेवर, मी थांबवला, पंच उतरला. मी काय केलं सांगू? एका पायावर उभी राहिले. बगळ्यासारखी. लोक हसत होते."

"हसू देत. मग?"

"आत होता. केसभर रेषेला लागला होता. गुण गेला."

माझ्या हातातली नळी खाली पडली. पाणी एकाच जागी साचायला लागलं, तरी मी उचलली नाही.

"मग?"

"मग काय. पंच गेला, खड्डा बुजवला आणि पुढचा खेळले. जिंकले, मावशी. तिसरा मिळाला."

मी सायकल काढून स्टेशनवर गेले, पण रादोवानला कळलेलं होतं. ऑफिसच्या खिडकीतून तो पाठमोरा दिसला. टोपी टेबलावर, चेहरा दोन्ही हातांत, खांदे हलत होते. मी आत गेले नाही. कॉलेजातली जागा त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला तरी गेली असणार. त्या पोराचंही भलं होवो.

शनिवारी तो कुणी सांगितलं नसताना क्लबात आला, जाळी उचलली आणि चारही कोर्टं ओढून काढली. कोपरे मात्र सगळे सोडले होते. मी त्याला बोलावून पुन्हा करायला लावले.