घेटुळीचं मूळ

"मूळ सांगितलं होतं मी, मूळ! आणि तू हा पाला काय आणलायस?" आदितीनं पोतं उघडून जी बोंब ठोकली, ती शाहूपुरीतल्या आमच्या खालच्या दुकानापतोर गेली असंल.

माझी लेक फार्मसी कॉलेजात संशोधन करती. कुठल्या झाडपाल्याच्या अर्कानं युरिक ॲसिड कमी हुतंय, ते तपासती. घरात गिऱ्हाईक हायच की, तिचे बाबा! अंगठा सुजला की पायात चप्पल जात न्हाय, मग दिवसभर आमच्यावर डाफरत बसत्यात. तिला घेटुळीचं, म्हणजे तुमच्या पुनर्नवेचं, मूळ पाहिजे होतं. नांदणीला आमच्या बांधावर ती रग्गड उगवती, म्हणून मला धाडलं.

आता आम्ही जैन. घरात कांदा-बटाटा शिजत न्हाय, आणि मी कुदळ घेऊन मुळं उपटू? मातीतल्या जीवांचं काय? मी आपला विळ्यानं वरचा पाला कापला, सावलीत वाळवला आणि आणला.

"सोमवारी सरांना निकाल दाखवायचाय, आई! सगळं वर्ष वाया जाईल माझं!" म्हणत पोरगी रडायलाच लागली. तवा मात्र मी तिला पाणी आणून दिलं. पण माफी? छे! "पाल्यावरच कर की चाचणी," म्हटलं. दुसरा इलाजच नव्हता, म्हणून केली तिनं.

सोमवारी हसत आली. युरिक ॲसिड तयार करणाऱ्या एंझाइमला पाल्याच्या अर्कानं बऱ्यापैकी रोखलं होतं म्हणे. मी लगेच उरलेला पाला भिजवून घेटुळीची भाजी टाकली. तर ही ओरडली, "काचेच्या नळीत झालंय ते, बाबांच्या पोटात नाही! डॉक्टरांची गोळी चालूच राहू दे." बरं बाई. ताटात भाजी वाढली, शेजारी गोळी ठेवली. ह्यांनी दोन्ही गिळलं.

पण सरांनी अट घातली. त्याच बांधावरच्या झाडांवर सगळं परत करून दाखव, मगच खरं धरीन. पोरीचं तोंड उतरलं. "तू तर सगळं कापून आणलंस. आता तिथं काय उरलं असणार?"

महिन्याभरानं आम्ही दोघी नांदणीला गेलो. बांधभर घेटुळी परत फुटली होती, कोवळी, लुसलुशीत. आदिती खाली बसून एकेक कोंब चाचपायला लागली. काय आनंद झाला मला! मी विळा काढला.

"आई, जपून हं," ती म्हणाली. "मुळाला धक्का लागू देऊ नकोस."

मलाच शिकवती बघा!