माझं गार टेबल

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे मशीन आहे, आणि आधीच कबूल करते, मी जळकी आहे. तासगावातल्या एका दवाखान्यात माझी खोली आहे. मी नवी आले तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता. द्राक्षाच्या मांडवावरून पडलेले, ट्रॅक्टरची धडक बसलेले, एसटीच्या दारात बोट सापडलेले, सगळे माझ्याकडेच यायचे. फोटो काढणारा हाफिजभाई रोज सकाळी मला मऊ फडक्यानं पुसायचा. माझं टेबल बारमाही गार, म्हणून प्रत्येकाला तो आधी सांगायचा, "गार लागंल हां." तरी झोपणारा "आई गं" म्हणायचाच.

मग शेजारच्या खोलीत ती आली. एमआरआय. माझी सवत! तिला एसी, तिला जाड दार, तिच्या खोलीबाहेर सगळ्यांनी चपला काढायच्या. हाफिजभाई तिचं काम शिकायला पुण्याला जाऊन आला आणि इकडे माझ्यावर धूळ बसू लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बंद पडू दे मेली, असं मी मनात म्हणायचे. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी एका दुपारी जाईबाईंना स्ट्रेचरवरून आणलं. बेदाण्याच्या शेडमध्ये त्या बेदाणा निवडायला जायच्या. सकाळी बसल्या जागी त्यांच्या पाठीत जोराची कळ आली. उसण भरली म्हणून त्यांनी शेडमधल्या एका पायाळू बाईकडून पाठीवर तीनदा लाथ मारून घेतली. जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले, तिच्या लाथेनं उसण जाते असं आपल्याकडे मानतात ना! उसण काही गेली नाही. दुपारपर्यंत पायांतलं बळ मात्र गेलं.

मी फोटो काढला. कणा सरळ, एकही हाड मोडलेलं नाही.

"हाडं नीट हाईत नव्हं?" त्यांचा मुलगा नागसेन म्हणाला. "मग लाथंचाच मार आसंल. आये, चल घरला, शेकू."

मी अशी फुलून गेले म्हणता! माझ्या एका शब्दावर माणसं घरी निघाली होती. सवतीचं दारसुद्धा उघडावं लागणार नव्हतं.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती. जाईबाईंना टेबलावर घेताना हाफिजभाई सवयीनं म्हणाला होता, "मावशी, गार लागंल हां." त्यांच्या उघड्या पोटऱ्या माझ्यावर टेकल्या होत्या आणि त्या म्हणाल्या होत्या, "कुठं गार हाय?" इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मला तोंड नाही, हे खरं. पण असतं तरी मी त्या वेळी बोलले असते का? सांगायला लाज वाटते.

हाफिजभाई दारात थबकला. "थांबा वाईच," म्हणाला आणि धावत जाऊन प्रियदर्शनी डॉक्टरांना घेऊन आला. "मॅडम, त्यांच्या पायांना टेबल गार लागलं न्हाई."

मॅडमनी जाईबाईंच्या पायाच्या अंगठ्याला टोचून पाहिलं, त्यांना ते कळलंच नाही. मग विचारलं, "कसल्या गोळ्या चालू आहेत?"

"पायात रक्ताची गाठ झालती, तवापासनं रक्त पातळ व्हायच्या," नागसेन म्हणाला. "पाठीचा आन् त्यांचा काय संबंध, म्हणून बोललो न्हाई."

मॅडमचा चेहराच उतरला. "एमआरआय. आत्ताच्या आत्ता!"

आणि सवतीला दिसलं. गोळ्यांनी पातळ झालेलं रक्त कण्याच्या आत साचून मज्जारज्जू चेपला गेला होता. मला हाडं दिसतात, पण त्यांच्या आतल्या पोकळीत साचलेलं रक्त दिसत नाही. ते लवकर काढलं नाही तर पाय कायमचे जातील, असं मॅडम म्हणाल्या. ॲम्ब्युलन्स मिरजेला धावली आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. दवाखाना सवतीचं कौतुक करत बसला. मी जळलेच, पण पहिल्यांदा माझा मलाही राग आला.

म्हणून सांगते, मित्रांनो, माझ्या फोटोत काही दिसलं नाही म्हणजे काही झालंच नाही, असं समजू नका. पाठीत कळ येऊन पाय बधिर झाले तर लाथ नको, शेक नको, लगेच दवाखाना गाठा. घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांच्यापुढे ठेवा. आणि जुनी झाले तरी मलाही अधूनमधून पुसत जा.

चार महिन्यांनी जाईबाई काठी टेकत, स्वतःच्या पायांनी माझ्या खोलीत आल्या. गुडघ्याचा फोटो हवा होता. हाफिजभाई काही बोलायच्या आत त्या टेबलावर टेकल्या आणि ओरडल्या, "आगं आये! लय गार हाय की रं हे!"

नागसेन हसत सुटला. हाफिजभाईनं डोळे पुसले आणि मग फडकं घेऊन मला पुसलं. शेजारचं दार बंद होतं. पण जाईबाईंचा आवाज मोठा आहे, सवतीला ऐकू गेलाच असणार.