पहिल्या प्रकरणातली चाल

नवऱ्याच्या पँटची डावी मोहरी उसवून तिनं टाचण्या ओठांत धरल्या, सुईत दोरा ओवायला मान वर केली, आणि समोर टीव्हीवर तिचा नवरा चालत आला.

म्हणजे चेहरा नवऱ्याचा नव्हता. चेहरा एका देखण्या नटाचा आणि आवाज भलत्याच कुणाचा. पण ती पाठ, ते खांदे, कोपरातून किंचित बाहेर झुलणारा तो उजवा हात, यांची मापं ती बावीस वर्षं घेत आली होती. अंगाबरोबरचा काळा पोशाख घालून, सांध्यासांध्यांवर चमकते ठिपके चिकटवून तो रिकाम्या हॉलमध्ये चालायचा, पडायचा, गाद्यांवर आपटायचा. भोवतीचे कॅमेरे नुसती हालचाल टिपायचे आणि मग कॉम्प्युटरवर बसलेली माणसं त्या हालचालीवर नायकाचं कातडं चढवायची. स्टुडिओत त्याला सगळे मांजर म्हणत. कुठूनही फेका, पायांवरच पडणार.

आता हे मांजर सोफ्यावर बसलं होतं, काठी गुडघ्यांत धरून. शेजारी लेक, हातात कंट्रोलर. खेळाची डिस्क कंपनीकडून कालच आली होती आणि रविवारची सगळी दुपार तिनं खाल्ली होती.

"बाबा, हा तू ना?"

"छे. तो महानायक. मी आपला हाडं पुरवणारा."

"आई, बघ तरी. या चालीवर लोक वेडे झालेत. घराघरात व्हिडिओ काढतायत असं चालून."

तसा खेळ गोष्टीचाच होता. मारामाऱ्या कमी, माणसंच जास्त. पहिल्या प्रकरणात नायकाला अजून कसलीच शक्ती मिळालेली नसते. एका उंच इमारतीत तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो, आणि कामावरून सुटल्यावर लांबलचक बोळातून एकटा चालत जातो. बस, एवढंच. दमलेला माणूस, पण चालण्यात एक ऐट.

"डायरेक्टरलाही हीच आवडली होती," नवरा म्हणाला. "मला म्हणाला, मांजर, ही चाल आणलीस कुठून? म्हटलं, घरची आहे. म्हणाला, मग हीच ठेव, शेवटपर्यंत."

तिनं टाचण्या ओठांतून काढून उशीला टोचल्या. गेले आठ महिने ती नवऱ्याच्या पावलांकडे बघण्यापलीकडे दुसरं काही करत नव्हती. म्हणून तिला दिसलं. बोळात चालणाऱ्या नायकाचा डावा गुडघा उजव्यापेक्षा बोटभर जास्त वर उचलला जात होता, आणि टाच टेकायच्या आधी चवडा जमिनीला लागत होता. त्यालाच लोक ऐट म्हणत होते.

"हे कधीचं हो?"

"हे? सगळ्यात पहिलं. तू दुकान नव्या गाळ्यात हलवलंस ना, त्याच आठवड्यातलं. उद्घाटनाला मी आलो नाही म्हणून चार दिवस फुगून बसली होतीस."

"तीन दिवस," ती म्हणाली.

गाळ्याचा तीन वर्षांचा करार संपून गेल्याच महिन्यात नवा झाला होता.

उद्या सकाळी दहाला त्यांना दवाखान्यात जायचं होतं. नसा एकेक करून विझत नेणाऱ्या या आजाराला औषध नव्हतं, पण एका नव्या औषधाची चाचणी सुरू होणार होती. मोजक्याच लोकांना घेणार होते. अट एकच आणि दगडावर कोरल्यासारखी: पहिलं लक्षण दोन वर्षांच्या आतलं हवं. त्यापुढे औषधाला धरून ठेवायला काही उरत नाही, असं फोनवरच्या नर्सनं स्पष्ट सांगितलं होतं. अर्जात त्यांनी खरं तेच लिहिलं होतं. आठ महिन्यांपूर्वी बसमधून उतरून तो सपाट फुटपाथवर ठेचकाळला. तोवर काहीच नव्हतं.

तोवर काहीच नव्हतं असं त्यांना वाटलं होतं.

"आई, पुन्हा दाखवू का?"

"नको. बंद करा आता, डोळ्यांची चाळण होईल."

"अगं, थांब, अजून मी उडायचाय!" नवरा म्हणाला.

तिनं शिवायला घेतलं. पायाला बांधायचा पट्टा आत बसावा म्हणून मोहरी दोन बोटं रुंद करायची होती. टाके वाकडे पडले, तिनं ते उसवले, पुन्हा घातले. खोटं बोलायची तिला सवय नव्हती असं नाही. 'अय्या, किती बारीक झालात' हे ती दिवसाला दहा गिऱ्हाइकांना सांगायची. प्रश्न त्याचा होता. सगळी कमाई चेहरा न दाखवता केलेला माणूस. चेहऱ्यानं काही लपवायला तो कधी शिकलाच नव्हता. त्याला हे कळलं तर डॉक्टरांनी नुसतं 'कसे आहात' विचारलं तरी त्याचे कान लाल होतील. जे माहीतच नाही ते तोंडातून निसटत नाही. गप्प राहायचं, औषध सुरू होऊ द्यायचं, मग बघू. औषधाला कुठं तारखा वाचता येतात?

मोहरी छान बसली. तिनं ती दोनदा इस्त्री केली.

सकाळी दवाखान्यात गेले तर डॉक्टर तरुण निघाल्या, लेकीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी गुडघ्यावर हातोडी टेकवली, बोटं आवळायला लावली, जीभ बाहेर काढायला सांगितली.

"पहिला त्रास?"

"आठ महिने," तो म्हणाला. "बसमधून उतरलो आणि धाडकन. मांजर असून पडलो!"

डॉक्टर हसल्या आणि लिहीत राहिल्या. "सगळं बसतंय तसं. एवढं एक राहिलंय. काम काय करत होता?"

"स्टुडिओत होते," ती घाईनं म्हणाली. "उड्या वगैरे."

"वगैरे काय, अगं?" तो खुर्चीत सरसावला. "डॉक्टर, तो नवा खेळ आलाय बघा, लिफ्टवाल्याचा. त्यातला नायक मी. म्हणजे चेहरा नाही हं, बाकीचा सगळा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "काय सांगता! मी तो दोनदा संपवलाय."

"दोनदा?"

"मनोऱ्यावरून उडी घेतो ती?"

"मीच. अठरा वेळा घेतली."

"आणि आईला उचलून जिने उतरतो?"

"तेही मीच. आई म्हणजे वाळूची पोती होती, पण रडलो खरा."

त्याच्या गालांवर रंग चढला होता. बावीस वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढली. "अहो, पाणी घ्या आधी. घसा सुकेल."

"थांब गं."

"आणि पहिल्या प्रकरणातली ती चाल?" डॉक्टर आता सावकाश बोलत होत्या. "खेळताना मला दर वेळी वाटायचं, ही चाल मी रोज बघते. ती पण तुमचीच?"

"माझीच. कुणी शिकवलेली नाही."

"कधी टिपली होती ती?"

"गेल्या वर्षी," ती म्हणाली.

तो मनापासून हसला. "हिचं आपलं काहीतरीच! गेल्या वर्षी कुठं? तीन वर्षं झाली. डॉक्टर, हिला मापं तोंडपाठ, तारखा विचारू नका."

डॉक्टरांनी पेन फाइलीवर आडवं ठेवलं. एकदा तिच्याकडे बघितलं, आणि तिनं बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं. ते आधीच घट्ट होतं.

"चालून दाखवाल?" डॉक्टरांनी त्याला विचारलं. "दारापर्यंतच."

"का नाही?"

तो टेबलाला धरून उठला. काठी घ्यायची नाही, हे त्यानं हातानंच सांगितलं. श्वास घेतला, खांदे मागे टाकले, उजवा हात कोपरातून सैल सोडला आणि निघाला. डॉक्टर खुर्चीवरून उठून खाली उकिडव्या बसल्या होत्या. त्या त्याचे खांदे बघत नव्हत्या, हातही बघत नव्हत्या. त्या फक्त फरशी आणि त्याचा डावा चवडा बघत होत्या. सात पावलं झाली. दाराची चौकट धरून तो वळला. धाप लागली होती, तरी त्यानं मान तिरकी करून विचारलं,

"जमलं का?"

"हुबेहूब," डॉक्टर तशाच बसून म्हणाल्या.

ती उठून दारापर्यंत गेली आणि कुणाच्या नजरेत येणार नाही अशा बेतानं त्याचं कोपर धरलं. तो तिच्या कानाशी वाकला.

"ओळखलं गं त्यांनी मला."