उघडा गीझर

"अगं, पुन्हा लिही. मोठ्या अक्षरात लिही!" गीझरकाका सुनेच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकं घालत ओरडले.

"कितीदा लिहिलं, बाबा. त्या बघतच नाहीयेत."

'छकुलीची आई' नावाने लिहिणारी बाई काकांचा एकही व्हिडिओ चुकवत नसे. आज तिने एका व्हिडिओखाली लिहिलं होतं, 'काका, तुमचं बघून गीझर उघडायला बसलेय.' काकांनी कौतुकाने तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत बघितला. आधी मेन स्विच बंद करा, हे त्यात कुठेच नव्हतं.

बंद केला होता की त्यांनी! पण उभा जन्म या कामात गेलेला. गिऱ्हाइकाच्या घरात शिरलं की हात आपोआप मेनकडे जायचा. शर्टाची बटणं लावतोय, हे कोणी बोलून दाखवतं का?

सुनेने त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानासाठी व्हिडिओंचा हा उद्योग मांडला, तेव्हा काका खो खो हसले होते. सगळं फुकट शिकवल्यावर आपल्याला बोलावणार कोण? पण लोक बोलावू लागले. या माणसाचं डोळे मिटून ऐकावं, असं एकमेकांना सांगू लागले. काकांची कॉलर ताठ झाली होती. आता त्याच विश्वासाने त्यांना घाम फुटला होता.

"व्हिडिओ काढून टाकू का?"

"तिचा बघून झालाय गं! मला बोलू दे. आत्ताच्या आत्ता."

सुनेने लाइव्ह सुरू करून मोबाइल समोर धरला. "मी चुकलो," काका म्हणाले. "मेन बंद केल्याशिवाय गीझरला बोट लावू नका. छकुलीच्या आई, ऐकताय ना?"

खाली भराभर उत्तरं उमटू लागली. 'काका ग्रेट!' 'असा प्रामाणिक माणूस मिळणार नाही!' काका एकच नाव शोधत होते.

मग ते नाव आलं. 'आत्ताच जोडले गेले, काका. उघडला की गीझर! लाइट गेलीये, खिडकीच्या उजेडात करतेय. टेस्टर कशाला लावू? तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं.'

"हात काढा!" काका किंचाळले. "लाइट कधीही येईल! आधी मेन बंद करा!"

काका पुन्हा पुन्हा तेच ओरडत राहिले. मग एवढंच आलं, 'केला.'

सून रडता रडता हसली. "बघा बाबा, केवढा विश्वास! त्यांचं ते 'तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं' सगळ्यांत वर लावते."

"नको गं," म्हणत काका भिंतीला टेकून खाली बसले. "सगळ्यांत वर 'आधी मेन बंद करा' एवढंच लाव."