माझं सामान मागे राहिलं

मी एक जुना प्रोग्राम आहे. शहापूरच्या एका अरुंद बोळात, मारुतीरावांच्या मागाशेजारी ठेवलेल्या संगणकात माझं आयुष्य गेलं. कागदावरची नक्षी वाचायची, तिचे बारीक चौकोन पाडायचे आणि साडीच्या काठात कुठला धागा कधी वर उचलायचा ते ठरवून द्यायचं, हे माझं काम. बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या वकिलांच्या शाल्मलीनं कॉलेजात असताना मला जावा भाषेत लिहिलं. चित्र वाचण्याचं किचकट काम तिनं दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार फाइलींवर सोपवलं. त्यांना लायब्ररी म्हणतात. त्या माझ्या शेजारी 'लिब' नावाच्या फोल्डरात राहत.

सात वर्षं मी खपलो. मारुतीराव पाहुण्यांना कौतुकानं मला दाखवत. मित्रांनो, मी जरा फुगलोच होतो. त्या शेजाऱ्यांचं नाव मी कधी घेतलं नाही.

मग नवा संगणक आला. मारुतीरावांचा मेहुणा परशराम उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला, त्यामुळे त्याला यंत्रातलं सगळं कळतं असा घरच्यांचा समज होता, आणि त्याचाही. त्यानं मला पेनड्राइव्हवर उचलून नव्या घरी आणलं. लिब मात्र कचरा समजून मागेच सोडलं.

दुसऱ्याच दिवशी निपाणीहून नागुबाई आल्या. नातीच्या, माधवीच्या लग्नाच्या साडीसाठी त्यांनी पोपटांची किनार स्वतःच्या हातानं कागदावर काढून आणली होती. लग्न तीन आठवड्यांवर होतं आणि नुसत्या विणकामालाच तेवढे दिवस लागणार होते. मारुतीरावांनी माझ्यावर दोनदा टिचकी मारली. मी उठलो, चित्र वाचणाऱ्याला हाक मारली. कुणी ओ दिली नाही. मी जागीच कोसळलो, आणि पडद्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही.

परशरामनं माऊस बदलला. संगणक तीनदा बंद करून चालू केला. जावा काढून पुन्हा घातलं. मारुतीरावांच्या पत्नी जयाबाईंनी उदबत्ती लावली. सगळ्या उपायांत निरुपद्रवी तेवढाच. शेवटी मी म्हातारा झालो, मला टाकून द्यावं, असं परशरामनं जाहीर केलं. नागुबाई कागद गुंडाळू लागल्या.

तेव्हा कुठं मारुतीरावांनी शाल्मलीला फोन लावला. तिनं त्यांना पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगत मला तिथून हाक मारायला सांगितलं. टिचकीनं उठवलं की माझी तक्रार कुणाला दिसत नाही, इथं मात्र ती उमटली. मारुतीराव ती इंग्रजी ओळ अडखळत वाचू लागले आणि 'नो क्लास'पाशी थांबले.

"शाल्मली, हे आमचा क्लास काढतंय काय गं?"

"नाही हो काका. क्लास म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, तो सापडत नाही म्हणतंय. पुढं वाचा. नाव कुणाचं आलंय?"

त्यांनी नाव वाचलं, ते चित्र वाचणाऱ्याचं होतं. लिब कुठं आहे, असं तिनं विचारलं. परशराम पंख्याकडं बघू लागला. मला कुणाकुणाची मदत लागते ते शाल्मली समजावू लागली, तोच नागुबाई म्हणाल्या, "म्हंजे आचारी आणला आन् भांडी घरात ठिवून आलासा."

जुना संगणक मच्छे गावच्या भंगारवाल्याला द्यायचा परशरामचा बेत होता. चालती वस्तू घराबाहेर जाणार नाही, असं म्हणून जयाबाईंनी तो माळ्यावर ठेवला होता. तो खाली आला, कण्हत सुरू झाला. लिब माझ्या शेजारी आलं. टिचकी पडली आणि मी उघडलो. पोपट पडद्यावर ओळीनं येऊन बसले.

नागुबाई वाकल्या. "डोळं कुठं हाईत ह्यास्नी?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. परशराम तर खूशच झाला. मारुतीरावांनी कागद उलगडला. त्यावरही पोपटांना डोळे नव्हते. नागुबाईंनी बराच वेळ कागद न्याहाळला.

"माझंच ऱ्हायलं की," त्या म्हणाल्या, आणि पेन मागून घेतलं.

साडी वेळेत निपाणीला पोचली. पुढं शाल्मलीनं सगळ्या लायब्ररी माझ्याच गाठोड्यात बांधून दिल्या. मी चौपट जाड झालो आहे, पण आता एकटा पडत नाही.

मित्रांनो, आमच्यातल्या कुणाला हलवाल तर शेजारी कोण राहतं ते आधी बघा. आणि आम्ही बंद पडलो, तर टाकून देण्याआधी आमचं म्हणणं शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ते इंग्रजीत असतं, जरा फटकळ असतं, पण खोटं नसतं.